लोणा, लाख आणि पर्यटकांचा श्वास

जुन्या मातीच्या भिंतीला लोणा लागला की आधी पांढरी पूड दिसते, मग पोपडा फुगतो आणि एके दिवशी गळून पडतो. सोलापूरच्या जुन्या घरांत राहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. इजिप्तची राणी नेफर्तारी हिच्या सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातली चित्रे याच दुखण्याने ढासळत होती. खडकातले आणि गिलाव्यातले मीठ ओलाव्यात विरघळते. ओल सुकताना त्याचे स्फटिक बनतात आणि रंगाचा थर भिंतीपासून सुटतो. १९०४ मध्ये सापडलेल्या या थडग्यावर १९८६ ते १९९२ या काळात गेटी संस्था आणि इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने उपचार केले. सुटू लागलेले पोपडे जपानी कागदाच्या पट्ट्यांनी धरून ठेवले, मग चिकटवले आणि साफ केले. गेलेला भाग नव्याने रंगवला मात्र नाही.

हा संयम किती मोलाचा, हे अजिंठ्यात कळते. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर काढलेली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने लॉरेन्झो चेक्कोनी या इटालियन जाणकाराला बोलावले. हेतू चांगलाच होता. सुटे भाग पक्के झाले, वर लाखेचे व्हार्निश चढले आणि चित्रे चमकू लागली. पण लाख जुनी झाली की पिवळी पडते, आक्रसते आणि धूळही धरून ठेवते. मूळचे निळे-हिरवे रंग त्याखाली तपकिरी दिसू लागले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना द्रावकाने हे थर बेताबेताने उतरवावे लागले. लावायला सोपे, काढायला महाकठीण! आज संवर्धनात आधी विचारतात, ‘हे पुढे काढता येईल का?’

लाख उतरवता येते, माणसांचा श्वास थांबवता येत नाही. बंद लेण्यात गर्दी झाली की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. ओलाव्याने मातीचा गिलावा सैल होतो, बुरशीचेही फावते. म्हणूनच खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबवतात आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. धाराशिव, बीड करत संभाजीनगरमार्गे अजिंठा गाठणाऱ्या सोलापूरकराला पहिल्या लेण्याच्या दारात ताटकळावे लागले, तर त्याचे कारण हे आहे. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे मात्र निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.