कोणता डायनासोर घेऊ?

गेल्या दिवाळीत अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची आठवीत आहे. फराळाची बशी बाजूला सारून ती संगणकापुढे बसली होती आणि पडद्यावर डायनासोरांची एक लांबलचक यादी दिसत होती. मला पाहताच तिने विचारले, "मामा, तुम्ही सायन्सवाले. सांगा ना, कोणता घेऊ?"

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'द आयल' हा २०१५ साली आलेला आणि 'पाथ ऑफ टायटन्स' हा त्यानंतरचा, असे काही खेळ आहेत. त्यांत एकाच बेटावर किंवा जंगलात निरनिराळ्या गावांतली, देशांतली मुले एकाच वेळी उतरतात. प्रत्येकाने एकेक प्राणी निवडायचा. सुरुवात पिल्लापासून होते. भूक लागते, तहान लागते. खाऊन-पिऊन जगले तर शरीर हळूहळू वाढते. मेले की पुन्हा पिल्लू. जिंकणे असे काही नाहीच, फक्त टिकून राहायचे.

मी फारसा विचार न करता म्हटले, "टिरॅनोसॉरस घे. त्याला कोण खाणार?"

पाऊण तासाने ती स्वयंपाकघरात आली. "मेला ना मामा तुमचा राजा."

"कोणी मारला?"

"कोणीच नाही. उपाशी मेला. खायले काही भेटलंच नाही. जो दिसे तो टिरॅनोसॉरसच!"

मी चपापलो. सर्वांत बलवान तोच टिकतो, 'बळी तो कान पिळी', या समजुतीवर माझा सल्ला उभा होता. आणि हीच समजूत आपण उत्क्रांतीचा धडा शिकवताना मुलांच्या डोक्यातून काढायची असते. यात थोडा दोष शब्दांचाही आहे. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग मूळचा डार्विनचा नव्हे, हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ सालचा. डार्विनने तो पुढे आपल्या ग्रंथात घेतला. त्यातल्या 'फिट'चा अर्थ व्यायामशाळेतला नाही, शिंप्याच्या दुकानातला आहे. सदरा फिट बसला म्हणजे सदरा ताकदवान आहे असे कोणी समजत नाही. तो कोणाच्या अंगावर बसला, हे सांगावे लागते. तसेच प्राण्याचे. कोणता प्राणी चांगला या प्रश्नाला उत्तर नाही. कुठे, कोणाच्या सोबतीत आणि कोणत्या वयात, हे सांगितले तरच उत्तर देता येते.

सोबतीची गोष्ट आधी घेऊ, कारण ती वर्गात चिठ्ठ्यांवर करून दाखवता येते. ५० मुलांचा वर्ग आहे असे समजा. प्रत्येकाने शेजाऱ्याला न दाखवता चिठ्ठीवर 'शाकाहारी' किंवा 'मांसाहारी' लिहायचे. नियम दोनच. दर ५ शाकाहाऱ्यांमागे एका हंगामात फार तर १ शिकार साधते, बाकीचे निसटतात. आणि प्रत्येक मांसाहाऱ्याला जगायला एक शिकार लागते, ती न मिळाल्यास तो उपाशी मरतो. पहिल्या फेरीत बहुधा निम्मी मुले तरी मांसाहारी होतील. २५ आणि २५ धरू. शिकारी साधतील ५. म्हणजे मांसाहाऱ्यांपैकी २५ मधले ५ जगले, शाकाहाऱ्यांपैकी २५ मधले २०. हे पाहून दुसऱ्या फेरीत मुले शाकाहाराकडे पळतील. समजा ४५ शाकाहारी आणि ५ मांसाहारी झाले. आता ९ शिकारी शक्य आहेत, पण खाणारे पाचच. पाचही जण जगतील, आणि शाकाहाऱ्यांतले ४५ पैकी ४०. या वेळी मांसाहारी असणे फायद्याचे ठरले! असे इकडून तिकडे होत होत गाडी कुठे थांबेल? ४० शाकाहारी आणि १० मांसाहारी असतील तिथे. तेव्हा शिकारी साधतात ८. मांसाहारी १० पैकी ८ जगतात, शाकाहारी ४० पैकी ३२. दोघांची जगण्याची शक्यता सारखीच, शेकडा ८०, आणि एकट्या कोणी बाजू बदलली तर त्याचा काही फायदा होत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर फळ्यावर आकडे मांडून हे मुलांनाच शोधू द्यावे.

जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या दोघांनी १९७३ साली असाच हिशेब प्राण्यांच्या भांडणांना लावला, आणि त्यातून उत्क्रांतीच्या अभ्यासाची एक नवी शाखा उभी राहिली. एखाद्या वागणुकीचे मोल बाकीचे किती जण तसेच वागतात यावर ठरते, हे त्याचे सूत्र. अकोल्याच्या त्या पडद्यावर चूक टिरॅनोसॉरसची नव्हती. तो सगळ्यांनीच घेतला होता, एवढेच. खऱ्या जंगलात अशी गर्दी होऊच शकत नाही. गवत खाणाऱ्याने खाल्लेल्या ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढच्या पायरीवर पोचतो. म्हणून मेळघाटात हरणे-सांबरे पुष्कळ आणि वाघ मोजके.

आता वयाची गोष्ट. पूर्ण वाढलेल्या टिरॅनोसॉरसला कोणी खात नव्हते हे खरे, पण तो पूर्ण वाढायला सुमारे २० वर्षे लागत. झाडाच्या खोडातल्या कड्यांप्रमाणे या प्राण्यांच्या हाडांतही वाढीच्या रेघा असतात. त्या मोजून २००४ साली असे अनुमान निघाले की साधारण १४ ते १८ वर्षे या काळात त्याचे वजन रोज सुमारे २ किलोने वाढत असे. म्हणजे भुकेचा सर्वांत मोठा काळ नेमका कुमारवयातला. (आठवीतल्या मुलांच्या आयांना हे पटवून द्यावे लागत नाही.) मोठ्या शरीराचा फायदाही आहे. १६ पट वजनाच्या प्राण्याला १६ पट अन्न लागत नाही, साधारण ८ पट पुरते. त्यामुळे तो उपास जास्त दिवस काढू शकतो. पण तो फायदा मोठे झाल्यावरचा. लहानपण प्रत्येकाला काढावेच लागते.

हे सांगत असताना भाचीने मध्येच विचारले, "आपल्या इकडचा कोणता आहे का यात?" यादीत मला तरी ओळखीचा सापडला नाही. शिवाय अशा याद्यांत काळाची सरमिसळ असते. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टिरॅनोसॉरस साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचा. या दोघांतले अंतर टिरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे!

पण इकडचे डायनासोर आहेत, आणि फार दूर नाहीत. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डी आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला आपल्यापैकी अनेक जण तिथे गेले असतील. अकोल्याच्या काळ्या मातीखाली कितीही खणले तरी डायनासोर हाती लागणार नाही, कारण आधी पूर्णेचा गाळ आणि त्याखाली लाव्हाचे थरावर थर, म्हणजे आपला काळा खडक. सालबर्डीजवळ मात्र गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी जमिनीला मोठा भ्रंश आहे. त्याने लाव्हाखालचे जुने खडक वर उचलले गेले आणि उघडे पडले. त्यांत जबलपूरच्या लमेटा घाटावरून नाव पडलेले 'लमेटा' थर आहेत. अमरावती विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातल्या संशोधकांनी या थरांतून डायनासोरच्या पुढच्या पायाचे एक हाड (आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात, त्यांतले करंगळीच्या बाजूचे) २०१३ साली आणि अंड्यांचे घरटे २०१५ साली प्रसिद्ध केले. अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, प्रचंड शाकाहारी गटाची मानली जातात.

याच गटातला 'आयसिसॉरस' चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडला. १९९७ साली त्याचे वर्णन झाले आणि २००३ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. लांबी अंदाजे १८ मीटर. ते काय खात होते हेही कळले आहे. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला विष्ठेचे जीवाश्म मिळतात. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण साठतात आणि ते पचत नाहीत. पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे असे कण सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे त्यावरून प्रथमच पक्के समजले. गवताबरोबर ताड-माड, सूचिपर्णी असे इतरही कण होते. मिळेल ते खाणारे जनावर होते. मांसाहाऱ्यांत गुजरातेत सापडलेला 'राजासॉरस', सहा-सात मीटर लांब, डोक्यावर एक टेंगूळवजा शिंग.

"मंग आयसिसॉरस घ्यायचा. एवढ्या मोठ्याले कोण हात लावते?" भाची म्हणाली. पुन्हा तीच चूक, पण या वेळी तिची. मी तिला अंड्याचा हिशेब करायला लावला. टायटॅनोसॉरचे अंडे गोल, व्यास सुमारे १६ सेंटीमीटर. घनफळ काढले तर दोन लिटरांच्या आसपास येते. दुधाच्या दोन पिशव्या! अंडे हवे तेवढे मोठे करता येत नाही. ते पेलायला कवच जाड हवे, आणि आतल्या पिल्लाला श्वास घ्यायला कवच पातळ व सच्छिद्र हवे. या ओढाताणीत मापाला मर्यादा पडते. त्यातून बाहेर येणारे पिल्लू अर्धा मीटर लांब. अठरा मीटर व्हायला त्याला छत्तीस पट लांबायचे आहे, आणि आईने त्याची राखण केल्याचा पुरावा नाही. भारताचा जुना शेजारी मादागास्कर. तिथल्या एका टायटॅनोसॉरच्या दीडेक महिन्याच्या पिल्लाची हाडे २०१६ साली अभ्यासली गेली. त्या वयात ते ४० किलोचे झाले होते, स्वतःच चरत होते, आणि बहुधा दुष्काळात उपाशी मेले.

आणि पिल्लांना कोण खात होते? याचे उत्तर भारतातच मिळाले. गुजरातेत धोली डुंगरी इथे नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात अंडी आणि लहान हाडे असलेला दगड सापडला होता. हाडे पिल्लाची, असेच वाटले. २००१ साली अमेरिकेतले जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला तेव्हा त्यातले काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. २०१० साली या मंडळींनी पूर्ण चित्र मांडले: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू. तशाच स्थितीत त्यांच्यावर वाळू-चिखल येऊन पडला होता. सापाचे नाव 'सनाजेह'. त्याचा जबडा आजच्या अजगराइतका उघडत नसावा, म्हणून अख्खी अंडी त्याला गिळवत नसणार. नुकतेच निघालेले पिल्लू मात्र नेमके त्याच्या मापाचे. तेच पिल्लू काही वर्षांनी एवढे वाढले असते की पाय पडला तरी सापाचा चेंदामेंदा.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने यादी पुन्हा उघडली, एक लहानसा चपळ शाकाहारी घेतला आणि टिरॅनोसॉरसांच्या गर्दीतून झुडपाझुडपांनी दीड तास काढला. शेवटी पाणी प्यायला नदीवर गेली आणि मगरीने ओढली. तहान सगळ्यांना लागते, म्हणून पाणवठ्यावर दबा धरणाऱ्याला सोबतीची फारशी चिंता नसते. हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते.

रात्री जेवताना तिने विचारले, "मामा, यात तो साप घ्यायले भेटत असन का?"

मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नव्हता.