रुतणे, घसरणे आणि बसणे : बैठे वाहन व मऊ भूमी

हिमाच्छादित रस्त्यावर बैठी मोटार चालविण्याचा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु वाहन अडले असता नेमके काय घडले, हे ओळखल्यावाचून त्यावर उपाय करता येत नाही; आणि ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे शब्द. प्रस्तुत लेखात मराठीतील तीन परिचित क्रियापदांच्या आधारे या प्रश्नाचा उलगडा करावयाचा आहे.

‘बैठी मोटार’ म्हणजे शर्यतीच्या धाटणीची, स्पोर्ट्स कार या नावाने ओळखली जाणारी गाडी. तिचा तळ भूमीपासून जेमतेम १० ते १३ सेंटीमीटर उंच असतो. हौशी मालक स्प्रिंगा आखूड करून तो याहूनही खाली आणतात. सपाट, कठीण रस्त्यावर या ठेंगणेपणाचा लाभ होतो. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर गाडी कलंडण्याचा संभव कमी होतो. मराठीत ‘बर्फ’ हा शब्द गोठलेल्या पाण्यासाठीही वापरतात आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थरासाठीही. येथे मात्र त्या थराला ‘हिम’ व घट्ट गोठलेल्या पाण्याला ‘बर्फ’ म्हटले आहे. हा भेद पुढील विवेचनास आवश्यक आहे.

(१) पांदणीचा पुरावा

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा येथे हिम पडत नाही. तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील या भातप्रदेशाला मऊ भूमीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. झाडीबोली आणि पोवारी ज्या भागात कानी पडतात, त्या भागात कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी अशी मातीची निरनिराळी नावे रूढ आहेत. चिकण, काळी कन्हार पावसात चाक धरून ठेवते. मुरमाड बर्डी ते सोडून देते. रोवणीच्या दिवसांत बांधीकडे जाणारी पांदण म्हणजे चिखलाचा पाटच. दोन्ही बाजूंस चाकोऱ्या खोल होत जातात आणि मध्ये मातीचा उंचवटा उरतो. बैलगाडीची चाके मोठी व तळ उंच असल्यामुळे ती या उंचवट्यावरून पार होते. उलट शंकरपटातील हलका छकडा भात निघाल्यानंतर कडक झालेल्या भूमीवर धावतो. रोवणीच्या चिखलात त्याला कोणी नेत नाही. कोणते वाहन कोणत्या भूमीसाठी, हा विवेक येथे ऋतूबरोबरच शिकला जातो.

(२) तीन क्रियापदे

‘घसरणे’ हा भूमी आणि चाक यांच्यातील घर्षणाचा प्रश्न आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून सुमारे १४ मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तिला सुमारे ५० मीटर लागतात, तर गुळगुळीत बर्फावर १०० मीटरांच्या जवळपास. त्यातच उन्हाळी टायरांचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते व त्याची पकड सुटते. यावर उपाय म्हणजे मऊ रबराचे हिवाळी टायर, मंद वेग, आणि ब्रेक, सुकाणू व वेग या तिन्हींचा हलका वापर. गाडीचा तळ उंच की ठेंगणा, याचा येथे फारसा संबंध नाही. १९६८ च्या माँटे कार्लो रॅलीत पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार विजयी झाली. इंजिन मागे असल्यामुळे तिचे पुष्कळसे वजन चालक चाकांवर पडत असे व त्यांची पकड वाढत असे.

‘रुतणे’ हा भार आणि क्षेत्रफळ यांचा प्रश्न आहे. चाकाखालील भूमी भार पेलू शकत नाही व चाक खाली जाते. चाक जागीच फिरविले तर ते स्वतःचाच खड्डा खणते. चाकाखाली तणस किंवा झाडाच्या फांद्या घालण्याचा शेतकऱ्याचा उपाय अगदी शास्त्रीय आहे. त्यामुळे भार विस्तृत जागेवर पसरतो आणि चाकाला धरही मिळतो.

‘बसणे’ ही अवस्था या दोहोंहून वेगळी आहे, आणि बैठ्या मोटारीचे खरे संकट तेच होय. हिमाचा थर तळाच्या उंचीपेक्षा जाड झाला की गाडी ते हिम पुढे ढकलू लागते व उरलेले पोटाखाली दाबते. ताजे हिम फार हलके असते. एका घनमीटरचे वजन १०० किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर तेवढ्याच पाण्याचे १,००० किलोग्रॅम. परंतु दाबले गेल्यावर तेच हिम विटेसारखे घट्ट होते. अखेरीस गाडीचे वजन चाकांवर न राहता पोटावर येते. चाके फिरतात, पण त्यांवर भारच नसल्याने घर्षणही नसते. चार चाकांना मिळणारी शक्ती, उत्तम टायर, कुशल हात, यांपैकी काहीही अशा वेळी उपयोगी पडत नाही.

‘बैठे’ आणि ‘बसणे’ या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘उप’ उपसर्गासह ‘विश्’ या धातूत आहे. ‘उपविष्ट’ आणि ‘उपविशति’ या रूपांतून ते निघाले असून जुन्या मराठीतील ‘बैसणे’ हा त्यांमधील दुवा आहे. बैठे घर, बैठे वाहन आणि चिखलात बसलेली गाडी हे अशा रीतीने एकाच कुळातील प्रयोग होत. जी बैठी आहे तिला बसावयास वेळ लागत नाही.

(३) भेदाचे व्यावहारिक मोल

जर्मनीत २०१० पासून हिम वा बर्फ असलेल्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील एखादा तरुण असे टायर बसवून निश्चिंत होतो. परंतु त्या टायरांनी केवळ घसरण्याचा बंदोबस्त होतो, बसण्याचा नव्हे. साखळ्या बांधाव्यात, तर खाली आणलेल्या गाडीत चाक आणि त्यावरील पत्रा यांत त्यांच्यापुरती जागाही बहुधा उरत नाही. गाडी बसल्यावर वेग वाढविणे व्यर्थ असते. पोटाखालचे हिम फावड्याने काढणे, किंवा जॅकने गाडी उचलून चाकाखाली भर घालणे, हेच उपाय उरतात.

याहून गंभीर एक धोका आहे. बसलेल्या गाडीची धूर सोडणारी नळी हिमात बुजते. उबेसाठी इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरू शकतो. त्याला रंग नाही व वासही नाही. आतील माणसास गुंगी येते आणि मृत्यूही ओढवतो. म्हणून प्रथम इंजिन बंद करावे, नळीभोवतीचे हिम काढावे, आणि मगच ऊब मिळविण्याचा विचार करावा.

तात्पर्य, हिमाच्या थराची जाडी तळाच्या उंचीजवळ पोचली की बैठी मोटार घरीच ठेवणे इष्ट. पांदण ओली असता छकडा जुंपू नये, हे ज्याला कळते त्याला हा नियम नवा वाटणार नाही. घसरलेल्या गाडीला पकड, रुतलेल्या गाडीला आधार आणि बसलेल्या गाडीला खालची मोकळीक द्यावी लागते. भाषेने हे तीन शब्द वेगळे राखले आहेत; वापरणाऱ्यानेही ते वेगळे राखावेत.