ठिकाण सर्वांत शेवटी

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ हातात देताना कुणीतरी हमखास म्हणतं, "आता काय, मनसोक्त फिरा!" मग घरी यादी सुरू होते. काश्मीर, लेह, चारधाम, केरळ, गिरनार, मुलाकडे अमेरिका. यादी लांबत जाते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं आधी कुठे?

नोकरीत असताना हा प्रश्न बरोबर होता. दिवाळीची चार दिवसांची रजा, मुलांच्या शाळा, साहेबांची मर्जी हे सगळं आधीच ठरलेलं असायचं, त्यामुळे आपल्या हातात उरायचं ते फक्त ठिकाण. निवृत्तीनंतर नेमकं उलट होतं. दिवस भरपूर असतात, पण शरीर अटी घालू लागतं. म्हणून नियोजनाचा क्रमही उलटा करावा लागतो: आधी शरीर, मग ऋतू, मग प्रवास, आणि ठिकाण सर्वांत शेवटी.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बोरिवलीत राहणारं एक जोडपं आहे. काका ६६ वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे. काकू ६२ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी रोजची. दोघांना आठवडाभर कुठेतरी जायचंय. कुठे, ते अजून ठरवायचं नाही.

पायऱ्या मोजा

पहिली चाचणी घरीच होते. एका दमात किती चालवतं, किती मजले चढवतात आणि उतरताना गुडघा काय म्हणतो, हे चार दिवस पाहून वहीत लिहा. उतरणं वेगळं लिहायचं, कारण दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं. दुसरी नोंद त्याहून महत्त्वाची: आज एवढं चाललो, तर उद्या सकाळी तेवढंच पुन्हा जमतं का? सहल एका दिवसाची नसते.

हे आकडे हातात आले की यादीतली ठिकाणं आपोआप गाळली जातात. सप्तशृंगगडाच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या काकांना झेपणार नाहीत, पण २०१८पासून तिथे रुळांवरून वर जाणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. रायगडालाही रोपवे आहे. गिरनारचा रोपवे २०२०मध्ये सुरू झाला, मात्र तो अंबामातेच्या देवळापर्यंतच नेतो. दत्तशिखर तिथून पुढे, आणि वाट पुन्हा हजारो पायऱ्यांची. "रोपवे आहे" एवढं ऐकून निघालेली मंडळी नेमकी इथे अडतात. वेरूळचं कैलास लेणं मात्र प्रवेशद्वारापासून जवळ आणि सपाटीवर आहे. आत वरच्या मजल्यावर नाही गेलं तरी डोळे निवतात. म्हणून ठिकाणाचं नाव कळलं की पुढचा प्रश्न विचारायचा: गाडीतून उतरल्यापासून जे पाहायचं त्यापर्यंत किती चाल, किती पायऱ्या?

उंची पायांना कळत नाही

उंचीचा हिशेब वेगळा असतो. तो फुप्फुसांचा आणि हृदयाचा आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच, आणि विमान दिल्लीहून दीड तासात तिथे नेऊन सोडतं. हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून तिथे पहिले दोन दिवस खोलीतच काढायचे, मग हळूहळू बाहेर पडायचं. साधारण ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा दंडक आहे.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. गौरीकुंडापासूनची सुमारे १६ किलोमीटरची चढण टाळण्यासाठी अनेक ज्येष्ठ हेलिकॉप्टर घेतात. पाय वाचतात, पण शरीराला उंचीची सवय व्हायला जो वेळ मिळाला असता तोही वाचतो, आणि तो वाचायला नको होता. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर अशा प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांना ठिकाणाचं नाव न सांगता उंचीचा आकडा सांगा. "उत्तराखंडला चाललोय" यातून त्यांना काही कळत नाही, "साडेतीन हजार मीटरवर रात्र काढायची आहे" यातून कळतं.

यातूनच आयुष्यभराच्या यादीचाही क्रम लागतो. अवघड आधी, सोपं मागून. लेह, लांबचा विमानप्रवास, खूप चालायचं ठिकाण हे साठीत उरकावं. सपाटीवरचं आणि जवळचं पंचाहत्तरीनंतरही होतं. बहुतेक घरांत याच्या उलट घडतं. आधी जवळचं करू म्हणता म्हणता लांबचं राहून जातं.

आपल्या काका-काकूंसाठी निकाल असा: उंची नको, पायऱ्या थोड्याच, सलग चाल अर्धा तास.

कॅलेंडर आणि पंचांग

निवृत्त माणसाची खरी श्रीमंती म्हणजे मंगळवार. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेले शनिवार-रविवार नोकरदारांना देऊन टाकावेत. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि नाताळानंतरचा जानेवारी हे दिवस मध्य भारत, राजस्थान, कर्नाटक, केरळ या सगळ्यांना चांगले.

कॅलेंडरच्या शेजारी पंचांगही उघडायचं. नर्मदाकाठच्या तीर्थांवर अमावास्येला, त्यातही सोमवती अमावास्येला, स्नानाची गर्दी लोटते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७मध्ये आणि उज्जैनचा २०२८मध्ये आहे. पर्वणीसाठीच जायचं असेल तर प्रश्न नाही, पण शांतपणे दर्शन हवं असेल तर त्या तारखा आधी खोडून टाका. साप्ताहिक सुट्ट्याही पाहायच्या: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

पेन्शनरांसाठी आणखी एक तारीख असते, हयातीच्या दाखल्याची. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात लागतो. प्रवास त्याच महिन्यात असेल तर निघण्याआधी दाखला देऊन टाका. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो भरता येतो, पण धर्मशाळेच्या ओट्यावर रेंज शोधत तो भरण्याची वेळ कशाला आणायची?

बर्थ आणि सवलत

रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळायची. ती मार्च २०२०मध्ये थांबली, म्हणून बजेट पूर्ण भाड्याचंच करा. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे. पुरुषांना वयाच्या साठीनंतर, स्त्रियांना पंचेचाळिशीनंतर, आणि तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. आई-वडिलांच्या तिकिटावर मुलीचं तिसरं नाव घातलं की हा कोटा लागू होत नाही. तिचं तिकीट वेगळं काढा. ऑनलाइन काढताना "खालचा बर्थ मिळाला तरच" हा पर्यायही निवडता येतो. नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा साठावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

एसटीचं गणित वेगळं आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर मोफत, आणि स्त्रियांना कोणत्याही वयात अर्धं. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवायचं. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, पण रंगीत तालमीला एवढी हद्द पुरते. मोठ्या सहलीआधी महिनाभर दोन रात्रींची छोटी सहल करा. रात्री नव्या गादीवर झोप लागते का, बाहेरचं जेवण मानवतं का, बॅग स्वतः उचलवते का, हे घराजवळ कळलेलं बरं.

आता ठिकाण

सपाटी, हिवाळा, एका रात्रीचा रेल्वेप्रवास, मधल्या वारी शांतता. या चारही चाळण्यांतून काका-काकूंसाठी खाली उरलं ते इंदूर आणि महेश्वर. मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही, हा वरचा लाभ. नगर जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, ते महेश्वरहून.

आखणी अशी. शुक्रवारी संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडायची, ती सकाळी इंदूरला पोचवते. शनिवार-रविवार इंदुरात. पहिला दिवस आरामाचा, रात्री सराफ्यात. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाऊगल्ली भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा आणि छत्र्या, दुपारी झोप. सोमवारी गाडी करून महेश्वर, सुमारे ९० किलोमीटर. शनिवार-रविवारी इंदूरकर महेश्वरला लोटतात, म्हणून आपण सोमवारी पोचायचं. मंगळवारी मांडू, साधारण ४० किलोमीटर. जहाजमहालाचा परिसर रमतगमत पाहायचा, रूपमती मंडपाचा चढ काकांनी खालूनच पाहायचा. बुधवारी काहीही नाही. गुरुवारी न्याहारी करून इंदूर आणि संध्याकाळची परतीची गाडी. वाटेत ओंकारेश्वर आणि उज्जैन "होऊन जाईल" असं कुणीतरी सुचवणारच. होऊ द्यायचं नाही. त्यासाठी पुढची खेप आहे.

बुधवारची रिकामी जागा चुकून राहिलेली नाही. तीन दिवसांमागे एक दिवस मोकळा, हे प्रमाण साठीनंतर पाळावं. एखाद्याचं पोट बिघडलं, गुडघा सुजला, तर तो दिवस ते झेलतो. काही बिघडलं नाही, तर काकू हातमागावर महेश्वरी विणताना तासभर पाहत बसू शकतात, आणि काका घाटाच्या वरच्या पायरीवर नर्मदेकडे तोंड करून. दोन ठिकाणांत तीन-तीन दिवस राहणं हे सहा ठिकाणांत एकेक रात्र काढण्यापेक्षा स्वस्तही पडतं, आणि रोज बॅग भरावी लागत नाही.

खोली, गोळ्या, कागद

हॉटेलला फोनवर "ज्येष्ठांसाठी सोय आहे का?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं. मोजता येईल असं विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर चालते का? कमोड आहे का? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? गाडी ठरवतानाही ड्रायव्हरला आधीच सांगा की दर दीड तासाने थांबायचं आहे. ते सांगायचा संकोच वाटून पाणी कमी पिणारे ज्येष्ठ थोडे नाहीत, आणि ते पाणी पुढे महाग पडतं.

औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नव्हे. विमानात इन्सुलिन सामानात द्यायचं नाही, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधातल्या घटकाचं नाव लिहून घ्या. कंपनीचं नाव दुसऱ्या गावात मिळेलच असं नाही, घटक मिळतो. आपला आरोग्यविमा त्या शहरातल्या कोणत्या रुग्णालयात कॅशलेस चालतो, तो पत्ता लिहून एक प्रत बरोबर आणि एक मुलांकडे ठेवा.

परदेशी जायचं असेल तर आणखी तीन गोष्टी. अनेक देशांना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो, आणि कोणताही विमा काढताना जुने आजार लपवायचे नाहीत, कारण नेमक्या त्याच कारणाने दावा नाकारला जातो. तिसरी गोष्ट, विमानतळावर व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा. चालता येणाऱ्यानेही ती घ्यावी, लाजू नये. रांगा आणि लांबचे दरवाजे यांतच अर्धा दम संपतो.

पैशांचं म्हणाल तर वर्षाला एक मोठी आणि दोन छोट्या सहली, असा साधा आराखडा पुष्कळांना पेलतो. ज्यांचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, त्यांना व्याज दर तिमाहीला मिळतं. एखाद्या तिमाहीचं व्याज छोट्या सहलीसाठी बाजूला काढलं की मुद्दलाला हात लागत नाही.

घरी परतल्यावर एक काम उरतं. ज्या वहीत सुरुवातीला जिन्याचे मजले लिहिले होते, तीच उघडायची. कोणत्या दिवशी दमलो, किती पायऱ्या निभावल्या, कोणती गोळी संपत आली, बुधवार कशासाठी कामी आला, सगळं लिहायचं. पुढच्या सहलीची पहिली चाळण हीच. मग पुढचं पान घ्या, वर महिना लिहा, आणि ठिकाणाची जागा तूर्त कोरी ठेवा.