पिल्लू आणण्याआधी: फिनेल पुरत नाही

पिल्लू यायचं ठरलं की पट्टा, वाटी, गोणपाट आणलं जातं आणि फरशी फिनेलने पुसली जाते. पण त्या घरात आधीचं कुत्रं पार्वोने (रक्ताची हगवण लावणारा विषाणूजन्य रोग) गेलं असेल, तर एवढ्याने भागत नाही. तुपकट भांडं साबणाने निघतं, तसंच स्निग्ध आवरणाचे विषाणूही साबणाने जातात. पार्वोला ते आवरणच नसतं. म्हणून फरशी आधी घासून धुवावी, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी लावून १० मिनिटं ओली ठेवावी. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळू नये. अंगणातल्या मातीला हा उपाय चालत नाही, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात उन्हाचा तर भरवसाच नाही. ओल्या सावलीत हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. वयाच्या साधारण १६व्या आठवड्यातला लसीचा शेवटचा डोस होईपर्यंत पिल्लाला मातीत सोडू नये. जुनं गोणपाट सरळ टाकून द्यावं.