न खेळलेलं वर्ष

मुलगी रोज सरावाला जाते, पण वर्षभर एकाही सामन्यात उतरत नाही, असं झालं तर आपण काय म्हणू? "वर्ष फुकट गेलं!" होय ना? अमेरिकेतल्या कॉलेजांत मात्र याला 'रेडशर्ट' वर्ष म्हणतात. पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे, हा तिथला जुना नियम. त्यामुळे न खेळलेला हंगाम शिलकीत राहतो.

व्हॉलीबॉलमध्ये ही पाळी सेटरवर पुष्कळदा येते. मैदानात सहाजणी, पण बऱ्याच संघांत सेटर एकच. दुसरा स्पर्श तिचा. चेंडू कुणाला उचलून द्यायचा ते तीच ठरवणार. तिचा हात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला, म्हणून तिला सहसा बदलत नाहीत. मग दुसरीनं करायचं काय? थांबायचं.

नेब्रास्का विद्यापीठाची केली हंटर २०१४ च्या हंगामात अशीच थांबली. पुढे २०१५ आणि २०१७ साली तीच सेटर असताना संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं.

सगळ्यांच्याच नशिबी हे नसतं. थांबूनही जागा नव्या मुलीला जाऊ शकते. म्हणून मैत्रिणींनो, बाकावर बसलेल्या लेकीला "कधी खेळणार?" असं विचारू नका. "आज काय शिकलीस?" एवढंच विचारा. ते तिचंच राहतं.