इंदरगंजाहून आलेला प्रश्न

ग्वाल्हेरच्या इंदरगंजातून एका भगिनीचे पत्र आमच्या टपालात आले आहे. माहेर फोंडे तालुक्यातले, सासर लष्करातल्या एका जुन्या मराठी घरातले. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे कायमची स्थिरावली आणि छावणीचेच नाव ज्या वस्तीला चिकटले, ते हे लष्कर. दोनशे वर्षे उत्तरेत राहूनही तेथील मराठी घरांत श्रीखंड सुटलेले नाही, आणि शेजारधर्म म्हणून बेडई-जिलेबीही घरात शिरलेली आहे. पत्रलेखिकेने हे सारे मोठ्या गमतीने लिहिले आहे. गंमत दुसऱ्या पानावर संपते.

वय 44, उंची 160 सेंटिमीटर, वजन 86 किलो. मधुमेह जडून नऊ वर्षे झाली, गेल्या वर्षापासून इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. दिल्लीतील एका शल्यविशारदांनी वजन घटविणारी शस्त्रक्रिया सुचविली आहे. यजमान तयार आहेत, प्रसंगी दागिने मोडू म्हणतात. सासूबाईंचे मत एका वाक्याचे आहे: ‘‘तोंडावर ताबा ठेव, पोट कापायची गरज नाही.’’ आणि बाईंचा प्रश्न तीन शब्दांचा: ‘‘करू की नको?’’

प्रश्न इंदरगंजातला असला तरी तो आमच्या किनाऱ्यावरचाही आहे, म्हणूनच आजचा स्तंभ आम्ही त्याला देत आहो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, 26.4 टक्के. प्रौढांत चारांतील एकाहून अधिक! नारळाच्या रसावर आणि भातावर पोसलेल्या आमच्या घरांतून असे प्रश्न आता वारंवार उठणार.

प्रथम सासूबाईंचे. त्यांचा उपदेश सद्‌हेतूचा आहे, पण अपुरा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलाचे वर्णन आहे. तेथे कारणे सांगताना जड व गोड अन्न आणि व्यायामाचा अभाव यांबरोबरच ‘बीजस्वभाव’ हेही कारण दिले आहे. कृशत्वापेक्षा स्थौल्याची चिकित्सा अवघड, हेही तेथेच म्हटले आहे. आधुनिक शास्त्र त्याच वाटेने पुढे गेले आहे. आहार तोडून वजन उतरविले की जठरातून निघणारे, भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ हे द्रव्य वाढते, शरीर जणू गमावलेला मेद परत मागू लागते. चार महिने निग्रहाने उपाशी राहून पाचव्या महिन्यात हरणाऱ्या स्त्रीला आपण ‘जिभेची चटक’ म्हणून हिणवतो, तेव्हा एका शारीरिक क्रियेला आपण शीलाचा दोष ठरवीत असतो. आमच्या समाजात हे हिणवणे पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या वाट्याला फार अधिक येते, हे या निमित्ताने लिहून ठेवतो.

आता शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. तिचे दोन प्रकार अधिक रूढ आहेत. एकात जठराचा सुमारे पाऊण भाग दुर्बिणीच्या साहाय्याने कायमचा काढून टाकतात, आणि उरते ती केळ्याएवढी नळी. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला एक लहानसा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला व आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून जाते. हा वळशाचा प्रकार अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 च्या सुमारास सुरू केला. पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, एवढाच हा हिशेब नाही. आतड्यांतून रक्तात जाणारी, भूक व साखर यांवर अंमल करणारी द्रव्येच बदलतात. त्यामुळे पुष्कळांची साखर वजन उतरण्यापूर्वीच खाली येऊ लागते.

आमच्याकडे हा विषय लोकांच्या तोंडी आला तो 2011 मध्ये, भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. पुढे 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आणली गेली. तिचे वजन पाचशे किलोंच्या घरात असल्याचे सांगितले गेले. क्रेनने उचललेली तिची खाट, छायाचित्रकारांची झुंबड, मग रुग्णालय आणि नातलग यांचा जाहीर वाद, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अबू धाबीत तिचा मृत्यू. एका रुग्णाचे दुःख तमाशा कसे होते ते आपण सर्वांनी पाहिले. इंदरगंजातील बाईंच्या निर्णयाशी मात्र त्या खाटेचा काही संबंध नाही. त्यांचा निर्णय आकड्यांवर आणि स्वतःच्या प्रकृतीवर ठरायचा आहे.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की जो निर्देशांक येतो, तो त्यांच्या बाबतीत 33.6 होतो. पाश्चात्त्यांची जुनी सीमा 40 ची, मधुमेहासारखा विकार जोडीला असल्यास 35 ची. त्या हिशेबाने बाई बाहेर राहतात. पण भारतीय देहाचा हिशेब निराळा आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्राने जगाला पटविले. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे राहिले. निर्देशांक दोघांचाही 22.3, पण अंगातील मेद युडकिन यांच्या ठायी 9.1 टक्के तर याज्ञिकांच्या ठायी 21.2 टक्के! आपण दिसतो सडपातळ, आणि मेद आत दडलेला असतो. म्हणूनच 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची सीमा 37.5 आणि विकार असल्यास 32.5 अशी खाली आणली. या मापाने बाई आत येतात.

आणि येथेच गाडे अडते. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या अटींत सीमा 40 आणि गंभीर विकारासह 35 अशीच आहे. म्हणजे वैद्य म्हणतो शस्त्रक्रिया योग्य, विमा कंपनी म्हणते बसत नाही. पुण्यात सिद्ध झालेली गोष्ट आपल्याच देशाच्या नियमांत उतरू नये आणि तिची किंमत एखाद्या गृहिणीच्या दागिन्यांनी भरावी, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. ती मर्यादा बदलली पाहिजे.

लाभ किती? क्लीव्हलंड येथे 150 मधुमेहींवर झालेल्या तुलनेत साखर जवळजवळ निरोगी माणसाच्या पातळीवर आलेले रुग्ण एका वर्षाअखेर वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर 42 टक्के, नळीच्या शस्त्रक्रियेनंतर 37 टक्के आणि नुसत्या औषधांवर 12 टक्के होते. पाच वर्षांनी हेच आकडे 29, 23 आणि 5 वर उतरले. दोन्ही वाचावेत. पहिला आकडा जाहिरातीत येतो, दुसरा क्वचितच. शिवाय मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनपर्यंत गेलेला, तितकी तो पुरता मागे हटण्याची आशा थोडी. पत्रलेखिकेने ‘मधुमेहमुक्ती’ची अपेक्षा धरू नये. औषधांचा भार हलका होणे, मूत्रपिंडे व हृदय काही वर्षे अधिक टिकणे ही अपेक्षा रास्त आहे, आणि तीही लहान नाही.

हानीची बाजूही आहे. अनुभवी हातांत जिवाची हानी हजारी एक-दोन-तीन इतकीच होते, पण टाके गळणे, रक्तस्राव, पुढे पित्ताचे खडे, नळीच्या प्रकारात छातीतली जळजळ हे सारे संभवते. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. रोजची साठ ग्रॅम प्रथिने त्या इवल्याशा पोटात भरायची असतात. बाई सासरी शाकाहारी झाल्या आहेत, तेव्हा हे गणित त्यांनी आहारतज्ज्ञाकडून आधी सोडवून घ्यावे. (बांगडा सोडल्याचे दुःख पत्रात आहेच.) वळशानंतर मद्य झपाट्याने चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. ही सूचना त्यांच्यासाठी नव्हे, आमच्या येथील वाचकांसाठी.

2025 मध्ये वजन उतरविणारी तिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने त्या कामासाठी भारताच्या बाजारात आली. ती साखरही उतरवितात, मात्र थांबविली की वजन बहुधा परततेच. तरीही कायमची कापाकापी करण्यापूर्वी त्यांविषयी मधुमेहतज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे आहे. शल्यविशारद शस्त्र सुचविणार, यात त्याचा दोष नाही.

परंतु पत्रातील एक ओळ आम्हांस या सर्व आकड्यांहून महत्त्वाची वाटली. ‘‘रात्री सगळे निजले की मी ओट्याशी उभी राहून खाते, भूक नसतानाही.’’ ही गोष्ट त्यांनी यजमानांस सांगितलेली नाही, दिल्लीच्या डॉक्टरांसही नाही. ती सांगितल्याविना शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. अशा खाण्याचा उगम जठरात नसतो. त्यावर उपचार आहेत आणि ते आधी व्हायला हवेत, एरवी नळीएवढ्या पोटातही थोडे थोडे करून सारे पूर्ववत शिरते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट घेण्यात लाज कसली? चांगल्या केंद्रांत ती भेट शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग असते.

तेव्हा आमचे मत विचाराल, तर बाई पात्र आहेत, पण आज सज्ज नाहीत. सहा महिने थांबून ते रात्रीचे खाणे उघड करावे, उपचार घ्यावेत, आणि दिल्लीस पुन्हा जाताना यजमानांबरोबर सासूबाईंनाही न्यावे. शस्त्रक्रियेनंतरच्या रक्ततपासण्या वर्षानुवर्षे चालायच्या आहेत. त्या ग्वाल्हेरातच कोण पाहील, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे, दर वेळी दिल्ली गाठणे कोणत्याही घराला परवडत नाही.

शेवटी त्यांनी एक लहानसा प्रश्न विचारला आहे. चवथीला माहेरी आले तर नेवऱ्या खाता येतील का? शस्त्रक्रिया झाली आणि जखमा भरून काही महिने लोटले, तर येतील. एक, तीही अर्धी करून, सावकाश चावून. घाईने दोन खाल्ल्या तर घाम फुटेल, छाती धडधडेल आणि आरतीच्या वेळी त्यांना आडवे व्हावे लागेल.