मिडी

इलेक्ट्रॉनीय संगीत वाद्ये, संगणक व तत्सम साधने यांच्यात वादनविषयक सूचनांची देवाणघेवाण करण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धती. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले आहे. कीबोर्ड या नावाने परिचित असलेले पट्ट्यांचे वाद्य लॅपटॉप संगणकास जोडून वाजविणे, वाजविलेले साठविणे, त्यात दुरुस्ती करणे व त्यापासून स्वरलेखन मिळविणे या गोष्टी या पद्धतीमुळे शक्य होतात.

मिडीच्या तारेतून ध्वनी वाहून नेला जात नाही, ही तिच्यासंबंधी सर्वांत महत्त्वाची व सर्वाधिक दुर्लक्षित बाब होय. तारेतून जातात त्या केवळ सूचना : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली व केव्हा सोडली. स्वरलिपीच्या कागदातून स्वतः आवाज निघत नाही. तो वाचून गाणारा वा वाजविणारा असावा लागतो. मिडीचेही तसेच आहे. तिच्या सूचना वाचून प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करण्याचे काम संश्लेषक म्हणजे सिंथेसायझर करतो. मग तो वेगळ्या यंत्राच्या रूपात असो वा संगणकातील आज्ञावलीच्या रूपात. छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवर चालणाऱ्या स्वयंचलित पियानोतही हेच तत्त्व होते. मिडीच्या सोयी, तिच्या जोडणीत येणाऱ्या अडचणी व भारतीय संगीताच्या संदर्भात जाणवणाऱ्या तिच्या मर्यादा या सर्वांचे मूळ याच तत्त्वात आहे.

इतिहास : १९६० नंतरच्या दोन दशकांत इलेक्ट्रॉनीय संश्लेषकांचा प्रसार झाला, परंतु एका उत्पादकाचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्यास जोडणे कठीण होते. मूग यांच्या वाद्यांत तारता (स्वराचा उंच-नीचपणा) विद्युत् दाबाने ठरे व एका सप्तकास एक व्होल्ट असे प्रमाण होते. यामाहा व कॉर्ग यांच्या काही वाद्यांत विद्युत् दाब कंप्रतेच्या सम प्रमाणात असे. त्यामुळे एकाची सूचना दुसऱ्यास बेसूर ठरे. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्‌स या संस्थेचे डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) व चेट वुड यांनी १९८१ मध्ये ध्वनि-अभियांत्रिकी परिषदेपुढे सर्व संश्लेषकांसाठी एका समान संपर्कपद्धतीची योजना मांडली. जपानमधील रोलँड या संस्थेचे संस्थापक ईकुतारो काकेहाशी (१९३०–२०१७) यांनी जपानी उत्पादकांना या विषयावर एकत्र आणले. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील संगीत-व्यापाराच्या प्रदर्शनात प्रॉफेट–६०० व ज्युपिटर–६ ही दोन प्रतिस्पर्धी संस्थांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. त्याच वर्षी मिडीचे पहिले अधिकृत विनिर्देश प्रसिद्ध झाले. स्मिथ व काकेहाशी यांना या कार्याबद्दल २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक देण्यात आले.

ही पद्धती सर्वांना खुली ठेवण्यात आली, हे तिच्या दीर्घायुष्याचे प्रमुख कारण होय. संगणकांच्या अनेक पिढ्या कालबाह्य झाल्या. तथापि १९८३ मधील वाद्य एका साध्या जोडसाधनाच्या साहाय्याने आजच्या लॅपटॉप संगणकास जोडता येते.

संदेशांचे स्वरूप : मिडीचा संदेश सामान्यतः दोन वा तीन बाइटांचा असतो. पहिल्या बाइटाचे मूल्य १२८ वा त्याहून अधिक असते व त्यावरून संदेशाचा प्रकार समजतो. पुढील बाइटांची मूल्ये ० ते १२७ या मर्यादेत असतात. उदा., १४४, ६०, ९० या तीन संख्यांचा अर्थ ‘पहिल्या वाहिनीवर ६० क्रमांकाचा स्वर ९० इतक्या वेगाने दाबला’ असा होतो. ६० हा क्रमांक पियानोच्या मध्यवर्ती सी स्वराचा, म्हणजे पेटीवादकांच्या भाषेत मधल्या सप्तकातील पांढरी एकचा आहे. ६९ क्रमांकाच्या स्वराची कंप्रता प्रमाणतः ४४० हर्ट्‌झ धरतात. पट्टी सोडल्यावर दुसरा संदेश जातो. तो पोहोचेपर्यंत स्वर चालू राहतो.

एका तारेवर १६ वाहिन्या असतात. त्यामुळे एकाच वेळी १६ निरनिराळ्या वाद्यांचे भाग पाठविता येतात. आवाजाची पातळी, पायाखालची पट्टी, वाद्यप्रकाराची निवड इत्यादींसाठी स्वतंत्र संदेश आहेत. १९९१ मध्ये ठरविण्यात आलेल्या ‘जनरल मिडी’ या सामाईक यादीत १२८ वाद्यप्रकारांना क्रमांक देण्यात आले. त्यांत सतार व सनई यांचा समावेश आहे. तबल्याचा मात्र नाही.

केवळ सूचनाच साठविल्या जात असल्याने जागा फार थोडी लागते. एक मिनिटाच्या द्विमार्गी ध्वनिमुद्रणास ध्वनितबकडीच्या दर्जानुसार १ कोटीहून अधिक बाइट लागतात. त्याच काळात वाजविलेल्या पाचशे-सहाशे स्वरांची मिडी नोंद काही हजार बाइटांत मावते. अशा नोंदीत चुकलेला एकच स्वर बदलता येतो, तसेच तारता कायम ठेवून लय बदलता येते.

जोडणी : मूळ पद्धतीत पाच खुंट्यांची गोल जोडणी वापरतात. तीतून सेकंदास ३१,२५० द्विमान अंक या गतीने संदेश जातात. एका बाइटास आरंभ व अंत दर्शविणाऱ्या अंकांसह १० अंक लागत असल्याने तीन बाइटांच्या संदेशास सु. १ मिलिसेकंद लागतो. ग्रहण करणाऱ्या साधनात संदेश प्रकाशाच्या द्वारे पलीकडे पोहोचविला जातो. दोन्ही साधनांची विद्युत् मंडले अशा रीतीने अलग राहत असल्याने भूसंपर्कातून उद्‌भवणारी गुणगुण टळते. तारेची लांबी १५ मी.पर्यंत असू शकते. वाद्याचे ‘आउट’ हे द्वार संगणकाकडील जोडसाधनाच्या ‘इन’ या द्वारास जोडावे लागते. सारख्या नावाची द्वारे एकमेकांस जोडणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय.

१९९९ मध्ये यूएसबी मार्गे मिडी संदेश पाठविण्याचे प्रमाण ठरले. आधुनिक कीबोर्डला बहुधा यूएसबी द्वार असते व एकाच तारेने संदेश आणि अल्प विद्युत् पुरवठा या दोहोंची सोय होते. या प्रमाणानुसार बनविलेले वाद्य विंडोज, मॅक वा लिनक्स या प्रणालींना कोणतीही वेगळी आज्ञावली न बसविता ओळखता येते. अनेक कीबोर्डांत स्वतःचा ध्वनिस्रोत नसतो; ते केवळ पट्ट्यांचे नियंत्रक असतात. अशा वाद्यास कर्णा जोडूनही आवाज येणार नाही; तो संगणकाच्या ध्वनिमार्गातूनच यावयाचा असतो.

विलंब : पट्टी दाबणे व आवाज ऐकू येणे यांतील अंतर हा लॅपटॉपवर वाजविणाऱ्यास सर्वाधिक जाणवणारा दोष होय. तो बव्हंशी मिडी तारेमुळे नव्हे, तर संगणकातील ध्वनिसंस्करणामुळे येतो. संगणक ध्वनीचे नमुने लहान गटांनी तयार करतो. सेकंदास ४४,१०० नमुने या गतीने १,०२४ नमुन्यांचा गट तयार करण्यास सु. २३ मिलिसेकंद लागतात, तर २५६ नमुन्यांच्या गटास सु. ६ मिलिसेकंद. हवेतून ध्वनी एका सेकंदात सु. ३४० मी. जातो, म्हणजे पहिल्या स्थितीत वादकास आपले वाद्य जणू ८ मी. अंतरावरून ऐकू येते व द्रुत लयीत हात अडखळतो. यास्तव गट शक्य तितका लहान ठेवतात. मात्र तो फार लहान केल्यास संगणकास काम वेळेत पुरे करता येत नाही व आवाजात खरखर येते. विंडोजमध्ये त्यासाठी एएसआयओ प्रकारची चालक आज्ञावली वापरतात. बिनतारी ब्लूटूथ श्रवणीमुळे होणारा विलंब वादनास बहुधा असह्य असतो. म्हणून तारेची श्रवणी वापरणे इष्ट ठरते.

दोष व त्यांचे निराकरण : संदेश व ध्वनी यांचे मार्ग भिन्न असल्याने दोष कोणत्या मार्गावर आहे, हे प्रथम ठरवावे लागते. पट्टी दाबल्यावर आज्ञावलीतील संदेशदर्शक हलत नसेल, तर तार, द्वार, वाद्याची निवड व वाहिनी यांची तपासणी करावी. दर्शक हलत असून आवाज येत नसेल, तर संदेश पोहोचला आहे; वाद्यध्वनी निवडला आहे काय व ध्वनी योग्य कर्ण्याकडे जात आहे काय, हे पाहावे. एक स्वर दोनदा ऐकू येत असल्यास कीबोर्डमधील स्वतःचा ध्वनिस्रोत व संगणक असे दोन्ही एकाच वेळी वाजत असतात. वाद्यातील ‘लोकल कंट्रोल’ बंद केल्याने दुहेरीपणा जातो. स्वर सुटण्याचा संदेश वाटेत हरवल्यास स्वर थांबत नाही. त्यासाठी सर्व स्वर बंद करणारा संदेश योजलेला आहे.

भारतीय संगीत व मिडी : मिडीची रचना पट्ट्यांच्या वाद्यास अनुसरून करण्यात आली. सप्तकाचे बारा समान भाग हे तिचे गृहीतक असून प्रत्येक स्वर एक सुटी घटना म्हणून नोंदविला जातो. हार्मोनियमबाबत भारतात झालेला वाद त्यामुळे येथे नव्या रूपात उभा राहतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमंट्‌स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला, तो बारा पट्ट्यांच्या मर्यादेवरील उपाय म्हणून. हार्मोनियमवर १९४० मध्ये नभोवाणीने घातलेली बंदी १९७१ मध्ये शिथिल करण्यात आली.

षड्ज २४० हर्ट्‌झ धरल्यास तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराशी जुळणारा शुद्ध गांधार ३०० हर्ट्‌झचा असतो. बारा समान भागांच्या पट्टीवरील गांधार सु. ३०२·४ हर्ट्‌झचा येतो. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिल्यास हा फरक सु. १४ भागांचा आहे. ‘पिच बेंड’ या तारता वळविणाऱ्या संदेशाने तो दूर करता येतो. या संदेशास १६,३८४ पायऱ्या असून ८,१९२ ही मध्यस्थिती होय. नेहमीच्या मांडणीत मध्यस्थितीपासून दोन्ही बाजूंस दोन-दोन अर्धस्वरांपर्यंत तारता वळते. म्हणजे १४ भागांसाठी सु. ५६० पायऱ्या उतरावे लागते. मींडही याच संदेशांच्या मालिकेने घेता येते. परंतु हा संदेश संपूर्ण वाहिनीस लागू असल्याने गांधार उतरविताना त्याच वाहिनीवर धरलेला षड्जही उतरतो. यावर प्रत्येक स्वरास वेगळी वाहिनी देण्याचा उपाय असून त्याचे ‘एमपीई’ हे प्रमाण २०१८ मध्ये स्वीकारण्यात आले.

हार्मोनियमचा ध्वनी संगणकातून वाजविताना आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पियानोचा जोर पट्टीवरील आघाताने ठरतो व मिडी तोच मोजते. पेटीचा जोर मात्र डाव्या हाताने दिलेल्या भात्यावर अवलंबून असतो. म्हणून आघाताची नोंद निष्प्रभ करून आवाजाचा चढउतार पायपट्टी वा चक्र यांच्याकडे सोपवावा लागतो. असे न केल्यास ध्वनी पेटीचा असूनही वादन पेटीचे वाटत नाही.

संगीताच्या जतनाच्या दृष्टीनेही मिडीचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. ती वादकाच्या हालचालींची नोंद आहे. त्या मोजणीत न बसणारे काहीही, उदा., गायकाच्या कंठाचा गुण, स्वराचा लगाव किंवा तबल्याच्या बायाचा घुमारा, तिच्यात उरत नाही. बंदिशीची चाल शिकविणे, साथीचा सराव वा संगीतरचनेचा कच्चा आराखडा यांसाठी ती अत्यंत सोयीची आहे. गायकीच्या जतनासाठी मात्र तिने ध्वनिमुद्रणाची जागा घेता कामा नये.

उत्तरविकास : २०१५ मध्ये ब्लूटूथद्वारे बिनतारी मिडीचे प्रमाण निघाले. जानेवारी २०२० मध्ये मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीचे विनिर्देश स्वीकृत झाले. आघाताच्या १२८ पायऱ्यांऐवजी तीत ६५,५३६ पायऱ्या आहेत; साधनांमध्ये दुतर्फा संवाद होऊ शकतो आणि प्रत्येक स्वराची तारता एकाच वाहिनीवर स्वतंत्रपणे ठरविता येते. श्रुतिभेद मानणाऱ्या संगीतास ही शेवटची सुधारणा विशेष उपयुक्त आहे. तथापि संगणकाने कोणती श्रुती वाजवावी, हे कोणतेही प्रमाण ठरवीत नाही. तो निर्णय वादकाच्या कानाकडेच राहतो.